टिकलीचा डोळा

जबलपूर
१९ एप्रिल २०२५

ती. अच्युतकाका,

फोन केला की तुम्ही नुसतं "हो, हो, बरं आहे" म्हणता आणि ठेवून देता, म्हणून कागद घेतला. आई म्हणाली, त्यांचे कान फॅक्टरीच्या घणाने नेले पण डोळे शाबूत आहेत, लिही. तर लिहून राहिलो. नमस्कार आधी घ्या, नाहीतर विसरीन.

कॉलेज सुटल्याचं बाबांनी तुम्हाला त्यांच्या पद्धतीने सांगितलंच असेल. माझ्या पद्धतीने असं की तोंडी परीक्षेत सर म्हणाले, तुझ्यासारख्याने वेल्डिंगच करावं. मी त्यांच्यासमोर जर्नल फाडलं आणि निघून आलो. तिसरं वर्ष अर्ध्यात राहिलं. आता गोहलपुरात एका वर्कशॉपमध्ये खरंच वेल्डिंग करतो. हसू नका. बाबा तीन महिन्यांपासून माझ्याशी आईमार्फत बोलतात. मी समोर ताटावर बसलेलो असतो आणि ते आईला विचारतात, त्याला भाजी पाहिजे का विचार.

रिटायर होऊन साकोलीला जाताना तुम्ही जो छोटा शिकंजा मला देऊन गेलात, तो माळ्यावरून काढला. त्यात गळ पकडून संध्याकाळी जिग बांधतो, तुम्ही शिकवलं तसंच. डोक्याला शिशाची गोळी, मागे बकरीच्या शेपटीचे पांढरे केस, दोन्ही कुशींना जरीची एकेक तार. पाण्यात ओढली की चिलवा मासळी पोहून राहिली असं वाटतं, आणि मरळ धावते. गोरखपूरच्या बाजारात गळ-दोरीवाल्या दुकानात ठेवतो. तिथेच एक साहेब भेटले, बँकेतले, मिरजेकडचे, वर्षभरापूर्वी बदलून आलेले. चंद्रशेखर नाव. दुकानदाराला विचारत होते, भैया, ये किसने बनाया. मी मराठीत म्हटलं, मी. आता दर रविवारी ते मला तलावावर घेऊन जातात. नेपियर टाउनला त्यांच्या घरी चहालाही जाऊन आलो. त्यांना एक मुलगी आहे.

एक जिग सोबत पाठवतो. डोळा बघा. यावेळी रंगाचा ठिपका नाही दिला, टिकली लावली. एका ठिकाणी मिळाली.

सिद्धेश

*

साकोली
२ मे २०२५

चि. सिद्धेश,

तुझ्या पत्राचं पाकीट फाडताना गळ बोटात गेला. पुढच्या वेळी टोकाला बुचाचा तुकडा लावत जा.

जिग पाहिली. धागा घट्ट आहे, गाठ दिसत नाही, हे चांगलं. शेपूट कात्रीने सरळ कापलंस, हे वाईट. केस जास्ती झाले तर मुळाकडून कापावे, टोकाकडून नाही. टोकाला कात्री लागली की पाण्यात तो चिलवा नाही, झाडू दिसतो. आणि गोळी हलकी कर. तू ओढण्याचा विचार करतो, मासा पडण्याचा करतो. मरळ बहुधा जिग खाली जाताना धरते.

डोळा बदल. टिकलीचा गोंद पाण्यात सुटतो. काळ्या रंगाचा ठिपका दे काडीने, पूर्वीसारखा.

पावसाळा येईल. नदीवर बंदी लागेल, तुमचा तलाव नदीला जोडलेला नसेल तर चालेल. पण एक ध्यानात ठेव, तुला लहानपणी सांगितलं होतं. पाण्यावर लाल पिल्लांचा झुबका वर-खाली होताना दिसला तर त्याच्या खाली मरळ राखणीला असते. तेव्हा ती भुकेने नाही, रागाने तोंड टाकते. कोणताही गळ असो, धरते. ते धरणं नाही. ती उचलली की झुबका तासाभरात दुसऱ्यांच्या पोटात जातो. आमच्याकडचे ढिवर त्या दिवसांत तिकडे दोरी फेकत नाहीत.

कॉलेजात परत घ्यायचा अर्ज निघतो असं तुझी आई लिहिते. शेवटची तारीख काय?

अच्युत

*

जबलपूर
२५ मे २०२५

ती. काका,

झाडूवरून दोन दिवस तुमचा राग आला. मग मुळाकडून कापून पाहिलं. तुमचं बरोबर आहे, बस.

आता तुम्हालाच सांगतो, दुसरं कोण आहे. साहेबांच्या मुलीचं नाव दुर्वा. नेपियर टाउनला बँकेच्या परीक्षेचा क्लास करते. पहिल्यांदा मी म्हटलं, काहून, चहात साखर कमी आहे का, तर ती पाच मिनिटं काहून काहून करत हसली. मला कोणी हसलं तर मी काय करतो तुम्हाला माहीत आहे. त्या दिवशी काहीच केलं नाही. उलट घरी येऊन आरशासमोर काहून म्हणून पाहिलं.

आई नाही तिला. साहेब तलावावरून आले की ती जिगा धुऊन वाळत घालते. एकदा साहेब आत फोनवर होते आणि मी ओट्यावर बसून डोळ्याला रंगाचा ठिपका देत होतो. तो पसरला. तिने कपाळावरची टिकली काढली आणि जिगेच्या डोक्यावर दाबून बसवली. म्हणाली, आता बघेल तरी नीट. काळी, भोवती चांदीची बारीक कड. इथल्या बाजारात तशी मिळत नाही, मिरजेहून तिची मावशी पाकिटं पाठवते. नंतर तिने मला अख्खं पाकीट दिलं. तेव्हापासून सगळ्यांना तोच डोळा.

तुमच्या गोंदाचा बंदोबस्त केला. वरून आईच्या नेलपॉलिशचा पातळ हात देतो, बिनरंगाच्या. रात्रभर बादलीत ठेवून पाहिलं, टिकली हलली नाही. सांगा आता.

आमचं पक्कं आहे. तिची अट एकच, वर्ष पूर्ण कर. वेल्डिंगला ती नाक मुरडत नाही. म्हणते, करायचं तर ते पूर्ण करून कर, रागाने नको. अर्ज आणलाय. शेवटची तारीख १० जुलै. तिला मी सांगितलं, भरला. भरणारच आहे ना, मग आज सांगितलं काय आणि तेव्हा काय. त्यावर त्याच सरांची सही लागते. त्यांच्या दारात उभं राहायचं म्हटलं की माझ्या कानात आग होते. वरचं नाव तेवढं लिहून ठेवलंय.

सिद्धेश

*

साकोली
८ जून २०२५

चि. सिद्धेश,

डोळा बदल, मी पुन्हा लिहितो. टिकली चमकते, मासा बिचकतो.

अर्ज उद्याच्या उद्या ने. सर काय बोलतील ते ऐकून घे. मी अडतीस वर्षं फोरमनचं ऐकलं, शेवटी ऐकूच येईनासं झालं. तू दहा मिनिटं ऐक. आणि त्या मुलीला भरला म्हणालास ते आधी खरं कर. बाकी काही नंतर.

माझा हात आता कापतो, गाठ बसत नाही. तुझी जिग खिडकीला टांगली आहे.

अच्युत

*

जबलपूर
३ जुलै २०२५

ती. काका,

मासा बिचकत नाही. गेल्या रविवारी साहेबांनी टिकलीवर दोन मरळी काढल्या. तुम्ही काहून त्या डोळ्याच्या मागे लागलात समजत नाही.

साहेबांचा रविवारी वाढदिवस आहे. आठ जिगा बांधल्या, आजवरच्या सगळ्यांत चांगल्या. पाठीवर राखी केस, पोटाला पांढरे, टोकं जशीच्या तशी. एका पत्र्याच्या डबीत लावून देणार. दुकानातल्यासारखी एकेक जिग जाड कागदाच्या पट्टीवर टोचली. घरात जाड कागद एकच होता. ज्या दिवशी पट्ट्या कापल्या त्या दिवशी बाबा आईला म्हणाले, त्याला विचार, सरांच्या पाया पडायला जाणार की मी जाऊ. मी आत गेलो, दप्तरातून तो कागद काढला आणि कात्री चालवली. आठ पट्ट्या बरोबर निघाल्या. छापलेली बाजू खाली, कोरी वर, कोणाला दिसत नाही. ऑफिसात दुसरा मिळतो. १० तारीख दूर आहे.

रागवू नका. राग सगळा माझ्याकडेच राहू द्या, तुमच्याकडे बरा नाही दिसत.

सिद्धेश

*

जबलपूर
८ जुलै २०२५

ती. काका,

उत्तराची वाट न बघता लिहून राहिलो. रविवारी चूक झाली.

साहेबांना डबी दिली. त्यांनी एकेक जिग उजेडात धरून पाहिली. इतकं कोणी माझं काम पाहिलं नव्हतं. पहिली जिग काढून मला म्हणाले, आज पहिली फेक तुझी. तेवढ्यात बेशरमाच्या झाडांजवळ तो लाल झुबका दिसला. तुमचं लिहिलेलं आठवलं, खोटं कशाला बोलू. पण साहेब बघत होते, आणि मला ठाऊक होतं की तिथे टाकली तर ती धरणारच. मी टाकली. गोळी पाण्याला लागते न लागते तोच तिने धरली. मोठी, माझ्या कोपरापर्यंत.

साहेबांनी स्वतः गळ सोडवला. जिग तिच्या तोंडातून काढली आणि बराच वेळ हातात धरून बघत राहिले. मग मरळ पाण्यात सोडली.

म्हणाले, "पिल्लांवर होती. तुला दिसत होतं ना?"

मी म्हणालो, "हो."

त्यांनी जिग पुसली आणि शर्टाच्या खिशात टाकली. डबीत नाही, खिशात. घरापाशी गाडी थांबली. नेहमी चहाला बोलावतात, यावेळी म्हणाले, चलो सिद्धेश, भेटू.

एका माशासाठी माणूस इतका रागावतो का? तुम्हीही असेच. मासे धरणारे सगळे साधू झाले आणि मी एकटा खाटीक. माफी मागायला जाईन म्हणतो. आधी त्यांचा राग उतरू दे.

अर्जाची आठवण करून देऊ नका. उद्या-परवा जातो.

सिद्धेश

*

जबलपूर
१९ जुलै २०२५

अच्युतकाका,

घराला कुलूप आहे. सात दिवस झाले. शेजारच्या प्रतिमा दीदी म्हणाल्या, साहब तो बिटिया को लेकर महाराष्ट्र गए, मौसी के यहाँ. दुर्वाचा फोन मला लागत नाही. मी मित्राच्या नंबरवरून लावला, तिने माझा हॅलो ऐकला आणि ठेवला. तोही नंबर आता लागत नाही.

एका मरळीपायी. तुमच्या त्या मरळीपायी काका. मुलीला उचलून नेलं बापाने, आणि ती गेली, मेंढीसारखी गेली. तुम्ही म्हणता मरळ रागाने तोंड टाकते. मग हा काय वेगळा आहे? पिल्लावर बसलेला. मी त्याच्या दारावर लाथ मारून आलो. चार लोक जमले. एकजण म्हणाला, वैरागडे जी का लड़का है, वही जिसने कॉलेज छोड़ा. त्यालाही मारलं असतं, पण तो म्हातारा होता.

९ तारखेला तिचा शेवटचा फोन आला होता. तेव्हाच तिचा आवाज वेगळा होता. विचारत होती, अर्ज भरला ना नक्की. मी म्हणालो, किती वेळा विचारशील, भरला म्हटलं ना, माझ्यावर विश्वास नाही तर सरळ सांग. ती म्हणाली, बरं. म्हणजे तेव्हा ठरलेलं होतं त्यांचं, मला फक्त खेळवून राहिली होती.

की तुम्ही साहेबांना काही लिहिलं? दुकानाचा पत्ता तुम्हाला माहीत आहे. तुम्हाला आधीपासून हे पसंत नव्हतं, डोळा बदल, डोळा बदल. खरं सांगा.

१० तारीख गेली. आता कोणासाठी भरायचा होता.

सिद्धेश

*

साकोली
२७ जुलै २०२५

चि. सिद्धेश,

मी कोणाला काही लिहिलं नाही. पण दोष माझा आहे, तो सांगतो.

गोंद सुटतो, मासा बिचकतो, हे दोन्ही मी बनवून लिहिलं. तुझी नंदाकाकू होती तेव्हा मीही तिच्या टिकल्या लावत असे, वर्षवर्ष सुटल्या नाहीत. पण पोट्टा टिकली विकत घेत नाही, ती त्याला कोणीतरी देतं. तुझं पहिलं पत्र वाचलं आणि एकदम समजलं. ज्याच्या घरची टिकली आहे त्याच्याच हातात तू ती जिग देत होतास. तो रोज ती टिकली मुलीच्या कपाळावर बघतो. आज ना उद्या त्याला कळणार होतं. तोंडावर लिहायचा संकोच केला, म्हणून गोंदाचं कारण दिलं. तू गोंदावर इलाज काढलास.

साहेब मरळीवर रागावले नाहीत. माशाच्या जबड्यात, पाच बोटांच्या अंतरावर, त्यांनी तो डोळा पाहिला. म्हणून खिशात ठेवली.

तरी एक मला जुळत नाही. एवढ्यावर मुलीला घेऊन जाणारा माणूस मरळ पाण्यात सोडत नाही. दुसरं काहीतरी असेल. दारावर लाथा मारू नको.

अच्युत

*

मिरज
२ ऑगस्ट २०२५

सिद्धेश,

डबी परत पाठवते आहे. सात जिगा आहेत. आठवी बाबांकडे आहे, ती ते देत नाहीत.

तुला वाटत असेल बाबांनी मला आणलं. त्यांनी नाही आणलं, मी आले. त्या रविवारी रात्री त्यांनी ती जिग माझ्या आरशासमोर, टिकल्यांच्या पाकिटाशेजारी ठेवली. मला रडू आलं. ते रागावले नाहीत. म्हणाले, पोराचा हात चांगला आहे, डोकं तापट आहे, ते वयाने उतरतं. मग एकच विचारलं, शिक्षण पुरं करतोय ना? मी छातीठोक म्हणाले, हो बाबा, अर्ज भरलाय त्यानं. ते म्हणाले, मग बघू की.

सोमवारी सकाळी मी डबी आवरायला घेतली. पहिल्या पट्टीवर जिग नव्हती, ती सुटी होती, उलटली. त्यावर तुझं अक्षर. अर्जदाराचे नाव, सिद्धेश वैरागडे. मी बाकीच्या सातही पट्ट्या उलटून लावल्या. सगळ्या रेघा कोऱ्या.

मी बाबांना सांगितलं नाही. चार दिवस होते. मला वाटलं दुसरा अर्ज आणला असेल, किंवा आणशील. म्हणून बुधवारी फोन केला. तू काय बोललास ते तुला आठवत असेल. तेव्हा जरी म्हणाला असतास की नाही भरला, तरी मी स्वतः तुला मागे बसवून नेलं असतं. गुरुवारी क्लास बुडवून मी तुमच्या कॉलेजच्या फाटकासमोर स्कूटी लावून बसले होते, अकरा वाजल्यापासून. पाचला ऑफिसचा शिपाई खिडकी लावून गेला.

मला वेल्डिंग चाललं असतं. अर्ज फाडून, मला नाही जायचं म्हणाला असतास तेही चाललं असतं. पण मी ज्या तोंडाने बाबांना हो सांगितलं, ते तोंड घेऊन मला त्या घरात राहता येईना. त्यांना वाटतं आपलं काहीतरी भांडण झालंय, मिटेल. मला सोडून ते परत जबलपूरला गेले. त्यांना खरं काय ते सांगायचं तर तू सांग. मी नाही सांगणार, आणि मी परत येणार नाही. इथल्या कॉलेजात नाव घातलंय.

पट्ट्या मोजून घे. आठ आहेत.

दुर्वा

*

जबलपूर
११ ऑगस्ट २०२५

ती. काका,

तिचं पत्र नकलून तुम्हाला पाठवणार होतो. तीनदा बसलो, अर्ध्यापर्यंत जातो आणि हात थांबतो. म्हणून थोडक्यात. तुम्हाला जुळत नव्हतं ते ह्या पट्ट्यांनी जुळतं. उलट्या पट्टीवर तिला माझं नाव सापडलं आणि खाली काही नाही. १० तारखेला ती सहा तास फाटकासमोर बसून होती. त्याच वेळी मी वर्कशॉपमध्ये गेट वेल्ड करून राहिलो होतो. कॉलेजपासून रिक्षाने दहा मिनिटं.

पट्ट्या जुळवल्या. नेलपॉलिशने चिकटवल्या, पूर्ण कागद झाला. प्रत्येक पट्टीत गळाचं एकेक भोक आहे. अगदी खाली छापलंय, अंतिम तारखेनंतर आलेले अर्ज स्वीकारले जाणार नाहीत. बाबांच्या उशाशी ठेवून आलो. त्यांनी वाचला. आई म्हणते, चष्मा पुसत बसले होते. आता ते आईमार्फतही बोलत नाहीत.

काल रविवार. साहेबांना खरं सांगायचं असं ठरवून तलावावर गेलो. सायकल लांब लावली. झुबका असायचा त्या जागी पाणी स्वच्छ होतं, एक पिल्लू नाही. आपण पकडून सोडलेली मरळ परत पिल्लांवर जात नाही का काका? की जाईपर्यंत उशीर होतो?

साहेब एकटेच बसले होते. दोरीला तीच जिग. मला पाहून हात वर केला, बाजूला सरकले, जागा केली. लाथेचं त्यांना कळलं असणार, दारावर पोचा पडलाय, पण विषय नाही काढला. थर्मासमधून चहा दिला. म्हणाले, पोरी रुसतात, सहा महिन्यांत येईल फोन. मी पाण्याकडे बघत होतो. तोंडात वाक्य तयार होतं. सायकलवर सगळा रस्ता तेच घोकत आलो होतो.

मग त्यांनी विचारलं, "कॉलेज सुरू झालं असेल ना तुझं?"

मी म्हणालो, "हो. झालं."

कसं निघालं तोंडातून, मला माहीत नाही. रागही आलेला नव्हता काका. तुमची शपथ, जरासुद्धा राग नव्हता.

त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. तो हात मला अजून तिथेच वाटतो. दोरी गुंडाळली, जिग सोडून माझ्या तळहातावर ठेवली आणि दाखवलं, कड निघत आली आहे, दात लागले आहेत. म्हणाले, पुढच्या रविवारी अशाच दोन बांधून आण, डोळा हाच ठेव, हं.

मी बरं म्हणालो.

पाकिटात टिकली नाही. शेवटच्या सोळा त्या आठ जिगांना गेल्या. सात परत आल्यात, त्याच तशा दिल्या तर साहेब ओळखतील, म्हणून त्यांच्यावरून टिकल्या काढायला बसलो तर नेलपॉलिश निघत नाही. नखाने, ब्लेडने, गरम पाण्याने पाहिलं. कड तुटते, मधला काळा तेवढा राहतो. इतकं घट्ट मीच बसवलं होतं.

तुम्हाला एवढ्यासाठी लिहिलं की कोणाला तरी खरं माहीत असावं. रविवार सहा दिवसांवर आहे.

सिद्धेश